पारा जातो कुठे?

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाची ही गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर फोर्टिनचा वायुभारमापक टांगलेला होता. त्याची जागा बदलायचे ठरले आणि उतरवताना तो कुणाच्या तरी हातून निसटला. (कुणाच्या, ते विचारू नका. मी अगदी जवळ उभा होतो एवढेच सांगतो.) काच फुटली आणि शहाबादी फरशीवर चांदीच्या मण्यांचा सडा पडला. आम्ही सगळे गुडघ्यांवर बसून पोस्टकार्डांच्या कडांनी ते मणी गोळा करू लागलो. दोन मणी जवळ आले की टुणकन एक होत. त्या खेळात अर्धा तास कसा गेला कळले नाही. शेवटी बाटलीत भरलेला पारा तोलला, तर तो बराच कमी भरला. नोंदवहीत शेरा पडला : 'उरलेला पारा फरशीच्या फटींत गेला.'

हे उत्तर मला पुढे कित्येक वर्षे पुरेसे वाटत होते. पण फटीत गेलेला पारा पुढे कुठे जातो? या साध्या प्रश्नाचा माग काढत गेलो तर आपण उल्हास नदीच्या खाडीत आणि तिथून थेट उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ समुद्राच्या तळाशी पोहोचतो. चला, तो माग काढू.

फटीतला पारा

पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. त्यामुळे खोलीच्या तापमानाला तो गुपचूप पडून राहत असेल असे वाटते. पण पाणीही १०० अंशांना उकळते, म्हणून काय दोरीवरचा ओला सदरा वाळत नाही? पाऱ्याचीही सतत थोडीथोडी वाफ होत असते. ती दिसत नाही आणि तिला वासही नाही. २० अंशांना बंद हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे १३ मिलिग्रॅम पाऱ्याची वाफ मावते. आता आमच्या प्रयोगशाळेचा हिशेब करा. लांबी १० मीटर, रुंदी ८ मीटर, उंची ४ मीटर, म्हणजे हवा ३२० घनमीटर. ती पाऱ्याच्या वाफेने पुरती भरायला ३२० × १३ = ४,१६० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम सव्वाचार ग्रॅम पारा लागेल. पाऱ्याची घनता १३.६ असल्याने एवढा पारा म्हणजे हरभऱ्याचा एक दाणा! कामाच्या जागी घनमीटरमागे सुमारे ०.०२५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक पारा असू नये असे मानतात. भरलेली हवा त्याच्या पाचशेपट होईल. खिडक्या उघड्या असतात, वारा खेळतो, म्हणून प्रत्यक्षात हवा इतकी भरत नाही. पण खिडकीतून गेलेली वाफ नाहीशी होत नाही, ती बाहेरच्या हवेत मिसळते.

(तुमच्या शाळेत पारा सांडला तर आम्ही केले ते करू नका. खिडक्या उघडा, सर्वांना बाहेर काढा. झाडूने झाडू नका, त्याने मण्यांचे आणखी बारीक मणी होतात आणि वाफ वाढते. हातमोजे घालून शिक्षकांनी तो जाड कागदाने गोळा करावा व घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावा.)

हा हिशेब फळ्यावर मांडला की वर्गातला एक तरी हुशार मुलगा हात वर करतो : 'सर, पारा पाण्याच्या साडेतेरापट जड. मग तो हवेत वर जाईलच कसा?' प्रश्न चांगला आहे. साडेतेरापट जड असतो तो द्रव पारा, ज्यात अणू एकमेकांना खेटून बसलेले असतात. वाफेत एकेक अणू सुटा असतो. त्याचे अणुभारांक सुमारे २००, हवेच्या रेणूंचा सरासरी रेणुभार २९. म्हणजे तो हवेच्या रेणूच्या सातपट जड खरा, पण चहूबाजूंनी अब्जावधी रेणू त्याला धक्के देत असतात. वैशाखात आपल्या खानदेशात वावटळ उठते तेव्हा शेतातल्या धुळीचे कण आकाशात चढतात. तो प्रत्येक कण हवेच्या रेणूच्या अब्जावधीपट जड असतो! मग एकट्या अणूची काय कथा? हवेत गेलेला पाऱ्याचा अणू सरासरी सहा महिने ते वर्षभर हवेतच फिरत राहतो. तेवढ्या काळात वारा त्याला पृथ्वीभोवती कितीतरी वेळा फिरवून आणतो.

एक कप पारा

प्रयोगशाळेत पारा सांडतो तो थोडा. हवेत पारा जाण्याच्या मोठ्या वाटा वेगळ्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ साली केलेल्या पाहणीनुसार, २०१५ या एका वर्षात माणसाच्या उद्योगांतून सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला. त्यात पहिला क्रमांक लहान प्रमाणावर सोने काढणाऱ्यांचा. ते खडीच्या चुऱ्यातले सोने पाऱ्यात विरघळवून घेतात आणि मग तो पारा भट्टीवर उडवून देतात. दुसरा क्रमांक दगडी कोळशाचा.

नरडाण्याच्या स्टेशनात उभे राहिले की सुरतेकडे जाणाऱ्या कोळशाच्या वाघिणी मोजत बसण्याचा मोह होतो. त्या काळ्या ढिगात पारा आहे हे सांगून खरे वाटणार नाही. पण आहे. झाडे-पाला गाडला जाऊन कोळसा झाला तेव्हा त्याबरोबर थोडा पाराही गाडला गेला. आपल्या देशातील कोळशात तो टनामागे साधारण एक-दोन दशांश ग्रॅम असतो. फारच थोडा, नाही का? पण आपण भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राचा विचार करू. तेथे ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. त्यांतला एक संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते. युनिटमागे सुमारे पाऊण किलोला थोडा कमी, ०.७ किलोग्रॅम, कोळसा धरला, तर दिवसाला ८,४०० टन. टनाला ०.१५ ग्रॅम पारा धरला, तर दिवसाला १,२६० ग्रॅम. पाऱ्याची घनता आठवा : हा सगळा पारा चहाच्या एका कपात मावेल. रोज एक कप! हा हिशेब माझा, कागदावरचा आहे. केंद्रावर मोजलेला आकडा नव्हे. यातला काही पारा राखेला चिकटून राहतो व राखेबरोबर पकडला जातो. उरलेला धुरांड्यातून बाहेर पडतो.

आणि इथे लेखातील मुख्य गोष्ट येते. धुरांड्यातून निघालेला पारा कुठे जाईल हे त्याच्या वजनावरून ठरत नाही. तो कोणत्या रूपात आहे यावरून ठरते. पाऱ्याची तीन रूपे ध्यानात ठेवा. पहिले म्हणजे सुटा, मूलद्रव्यरूप पारा. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पावसाने धुतला जात नाही आणि दूर जातो. दुसरे म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आयनरूप पारा. तो पाण्यात विरघळतो, धुळीला, चिखलाला चिकटतो, म्हणून धुरांड्याच्या आसपासच पावसाबरोबर खाली येतो. तिसरे म्हणजे मिथिल पारा, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या गटाशी जोडलेला. हा सजीवांच्या शरीरात शिरतो आणि मुक्काम ठोकतो. उडणारा, चिकटणारा आणि शिरणारा, असे म्हटले तरी चालेल. एकच अणू आयुष्यात ही तिन्ही रूपे अनेकदा धारण करतो.

उल्हासच्या खाडीतला गाळ

चिकटणाऱ्या पाऱ्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कॉस्टिक सोडा करण्यासाठी मिठाच्या पाण्यातून विद्युत्प्रवाह सोडतात. जुन्या पद्धतीत या विद्युत्घटात ऋण टोक म्हणून वाहता पारा वापरीत. सोडियम त्या पाऱ्यात विरघळे, मग पाण्याशी संयोग होऊन कॉस्टिक सोडा मिळे आणि पारा पुन्हा घटात जाई. कागदावर पारा जसाच्या तसा परत मिळतो. प्रत्यक्षात थोडा थोडा सांडपाण्यातून निसटतो. असे कारखाने कल्याण-ठाण्याच्या बाजूला उल्हास नदीच्या काठी होते. आता भारतातील हे कारखाने पाऱ्याचे घट सोडून पटलाच्या घटांकडे वळले आहेत. पण आधी निसटलेल्या पाऱ्याचे काय?

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातील शास्त्रज्ञांनी उल्हासच्या खाडीतील गाळ तपासला. त्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. खाडीच्या आतल्या भागातील गाळात पारा नैसर्गिक प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक होता आणि समुद्राच्या तोंडाकडे जावे तसा तो कमी होत गेला. पाणी रोज दोनदा भरती-ओहोटीने आत-बाहेर होते. तरीही पारा समुद्रात वाहून न जाता आत का थांबला?

कारण तो पाण्यात फारसा नव्हताच, तो चिखलाच्या कणांवर होता. एक किलो पाण्यात जितका विरघळलेला पारा असतो, त्याच्या सुमारे लाखपट तो त्या पाण्यातल्या एक किलो गाळाला चिकटलेला असू शकतो. आणि गाळ खाडीत बसतो. का बसतो हे तुम्ही घरी पाहू शकता. पावसाळ्यात पांझरेला किंवा तापीला पूर आला की दोन सारख्या काचेच्या बाटल्यांत गढूळ पाणी भरा. (मोठ्या माणसांना बरोबर न्या, पुराच्या काठावर एकटे जाऊ नका.) एका बाटलीत चमचाभर मीठ टाकून हलवा. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवा आणि दर दहा मिनिटांनी पाहा. मिठाच्या बाटलीतील पाणी आधी निवळेल. आपल्या काळ्या मातीच्या कणांवर ऋण विद्युत्भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात व तरंगत राहतात. मिठातील धन आयन त्यांच्याभोवती जमले की ही दूर ढकलण्याची ताकद कमी होते. मग कण एकत्र येतात, त्यांचे गठ्ठे होतात आणि खाली बसतात. पिण्याच्या पाण्यात आजी तुरटी फिरवते, तेव्हाही याच्या जवळचीच गोष्ट घडते. नदीचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला भेटते तिथे, म्हणजे खाडीत, तुमच्या बाटलीतला प्रयोग दिवसरात्र चालू असतो.

म्हणजे पारा गाळात गेला आणि प्रश्न मिटला? १९५० पर्यंत जगात अनेकांना असेच वाटत होते. जपानच्या मिनामाता उपसागरात चिस्सो कंपनीचा कारखाना पाऱ्याचे सांडपाणी सोडीत होता. १९५६ साली तेथे एका विचित्र रोगाची अधिकृत नोंद झाली. माणसांचे हात थरथरू लागले, नजर अरुंद झाली, बोलणे अडखळू लागले. धडधाकट दिसणाऱ्या आयांची मुले मेंदूला इजा घेऊन जन्मली. मासे खाणारी मांजरेही झटके येऊन मेली. त्या सांडपाण्यात मिथिल पारा तयार होऊनच येत होता. पुढे १९६९ साली स्वीडनमधील येन्सेन आणि येर्नेलव यांनी आणखी धक्कादायक गोष्ट दाखवली. कारखान्यातून मिथिल पारा आला नाही तरी तळाच्या गाळातील जिवाणू साध्या आयनरूप पाऱ्यापासून तो तयार करतात! ज्या गाळात ऑक्सिजन पोहोचत नाही तिथले, सल्फेटवर जगणारे जिवाणू यात पुढे असतात. हे काम त्यांच्यातील कोणत्या दोन जनुकांमुळे होते ते २०१३ साली कळले.

मिनामाताचा गाळ शेवटी उपसावा लागला. १९७७ ते १९९० अशी तेरा वर्षे ते काम चालले. जास्त पारा असलेला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ एका बाजूला ओढून, त्यावर भर घालून ५८ हेक्टर नवी जमीन करण्यात आली. गाळ हे पाऱ्याचे कोठार आहे. त्याला दार आहे आणि ते उघडूही शकते.

ध्रुवावरची पहाट

आता उडणाऱ्या पाऱ्याकडे वळू. नरडाणा सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर उत्तर ध्रुव इथून साडेसात हजार किलोमीटरवर. तिथे ना कोळसा जाळणारी मोठी केंद्रे, ना कॉस्टिक सोड्याचे कारखाने. तरी तेथील सील, पांढरी अस्वले आणि त्यांच्यावर जगणारी इन्युइट माणसे यांच्या शरीरात पारा सापडतो. जुन्या संग्रहांतील केस, दात व पिसे तपासून शास्त्रज्ञांनी असे काढले आहे की, औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने आर्क्टिकमधील या मोठ्या शिकारी प्राण्यांतला पारा सुमारे दहापट झाला आहे.

तो तिथे खाली का उतरला? बहुतेकांचे पहिले उत्तर असते : थंडीने. पारा उणे ३९ अंशांना गोठतो, म्हणून तर ध्रुवावर पाऱ्याचा तापमापक निरुपयोगी ठरतो आणि अल्कोहोलचा वापरावा लागतो. तेव्हा हवेतली पाऱ्याची वाफही गोठून पडत असणार! उत्तर पटण्यासारखे आहे, पण चूक आहे. हिशेब करून पाहा. उणे ३९ अंशांनासुद्धा एका घनमीटर हवेत सुमारे १७,००० नॅनोग्रॅम पाऱ्याची वाफ मावते. (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.) उत्तर गोलार्धाच्या हवेत प्रत्यक्षात ती असते दीड नॅनोग्रॅम. म्हणजे जेवढी मावू शकते त्याच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. हवा बाष्पाने भरल्याशिवाय दव पडत नाही हे तुम्ही शिकला आहात. पाऱ्याच्या दृष्टीने ध्रुवावरची हवा वाळवंटासारखी कोरडी आहे. नुसत्या थंडीने त्यातून काहीही पडणार नाही. त्यासाठी त्या अणूचे रूप बदलले पाहिजे.

ते कसे बदलते याचा सुगावा १९९५ साली लागला. कॅनडाच्या उत्तर टोकाला ८२.५ अक्षांशावर अलर्ट नावाचे ठाणे आहे. तिथे विल्यम श्रोडर आणि त्यांचे सहकारी हवेतला पारा सतत मोजीत होते. हिवाळ्याच्या लांब रात्रीत आकडा दीड नॅनोग्रॅमच्या आसपास स्थिर होता. मग वसंत आला, महिनोन्‌महिन्यांच्या अंधारानंतर सूर्य क्षितिजावर आला, आणि पारा काही तासांत जवळजवळ शून्यावर कोसळला. पुन्हा चढला, पुन्हा कोसळला. उपकरण बिघडले असावे असेच पहिल्यांदा कुणालाही वाटेल. पण जमिनीलगतचा ओझोन वायूही नेमका त्याच वेळी खाली जात होता. दोन वेगळी उपकरणे एकाच तालावर कशी बिघडतील? हे निरीक्षण १९९८ साली प्रसिद्ध झाले.

चोर निघाला समुद्राच्या मिठातील ब्रोमीन. समुद्राच्या बर्फावर व त्यावरच्या हिमात मीठ साचलेले असते. पहिल्या उन्हाबरोबर त्यातून ब्रोमीन मोकळा होतो. ब्रोमीनचा अणू ओझोनला खातो आणि सुट्या पाऱ्याचे आयनरूप पाऱ्यात रूपांतर करतो. उडणारा पारा चिकटणारा झाला! तो लगेच हिमकणांवर बसतो. अशाच घटना नंतर दक्षिण ध्रुवाकडे, अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरही आढळल्या.

ही हकीकत इतकी नाट्यमय आहे की, ध्रुवावरचा सगळा पारा असाच येतो असे काही वर्षे मानले गेले. ते तितकेसे खरे नव्हते. हिमावर बसलेल्या पाऱ्यापैकी बराचसा, अनेकदा निम्म्याहून अधिक, त्याच उन्हाने पुन्हा सुटा होऊन काही दिवसांत हवेत परततो. दुसरी वाट जास्त संथ, पण अधिक भक्कम निघाली. टुंड्रा प्रदेशातील झुडपे, शेवाळे पानांतून जसा कार्बन डायऑक्साइड घेतात तसा हवेतला सुटा पाराही घेतात. पाला गळतो, थंडीत कुजत नाही, पारा मातीत साठत राहतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अलास्कातील मोजमापांवरून तिथल्या मातीतला बहुतेक पारा याच वाटेने आलेला दिसला. वसंतात बर्फ वितळले की लेना, येनिसेई, ओब, मॅकेन्झी या नद्यांना पूर येतो. सर्व नद्या मिळून वर्षाला सुमारे ४० टन पारा आर्क्टिक महासागरात टाकतात. आपल्या पांझरेचा पूर आषाढात, त्यांचा मे-जूनमध्ये, काम तेच. शिवाय अटलांटिक महासागराचे प्रवाहही आपल्याबरोबर पारा आणतात.

दोनशे मीटरवरचा थर

समुद्रात उतरल्यावर काय होते? आयनरूप पाऱ्याचा काही भाग सूर्यप्रकाश व जिवाणू यांच्यामुळे पुन्हा सुटा होतो आणि पृष्ठभागावरून हवेत उडू पाहतो. पण वर बर्फाचे झाकण असते! त्यामुळे बर्फाखालच्या पाण्यात सुटा पारा कोंडून राहतो. झाकण वितळले की तो निसटतो. उरलेला वनस्पतिप्लवकांना, त्यांच्या मृत अवशेषांना, प्राण्यांच्या विष्ठेच्या कणांना चिकटतो आणि हळूहळू खाली सरकतो.

इथे आर्क्टिकचे एक वैशिष्ट्य आडवे येते. अतिथंड पाण्याची घनता तापमानापेक्षा क्षारतेवर जास्त अवलंबून असते. नद्यांचे आणि वितळलेल्या बर्फाचे गोडसर पाणी वर राहते, खारे पाणी खाली. दोन्ही सहज मिसळत नाहीत. खाली येणारे बारीक अवशेष या सीमेजवळ रेंगाळतात. तिथे जिवाणू ते कुजवतात आणि त्या कुजण्याबरोबर मिथिल पारा तयार होतो. म्हणजे त्यासाठी तळाचा गाळच हवा असे नाही. इतर महासागरांत मिथिल पाऱ्याचा सर्वांत दाट थर साधारणतः ५०० ते १,००० मीटर खोलीवर सापडतो. मध्य आर्क्टिकमध्ये तो १५० ते २०० मीटरवरच सापडला, हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. फरक नुसता आकड्याचा नाही. दोनशे मीटर म्हणजे जिथे प्राणिप्लवक आणि मासे रोज ये-जा करतात ती खोली. विष अगदी जेवणाच्या ताटाशेजारी!

या समुद्राशी आपला संबंध काय, असे वाटेल. गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. त्याचे 'हिमाद्री' हे ठाणे २००८ पासून स्वालबार्ड बेटांवर ७९ अक्षांशावर आहे. शेजारच्या काँग्सफ्योर्डन या खाडीत २०१४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी 'इंडआर्क' नावाचा उपकरणांचा संच, साखळीने तळाशी बांधून, सुमारे १९२ मीटर खोल जागी सोडला. तो पाण्याचे तापमान व क्षारता नोंदवतो. वरचे गोडे व खालचे खारे पाणी केव्हा मिसळते, अटलांटिकचे पाणी केव्हा आत घुसते, हे कळल्याशिवाय पाण्यातल्या पाऱ्याचा हिशेब लागत नाही.

मिथिल पारा वर कसा चढतो ते थोडक्यात पाहू. प्लवक वनस्पती तो पाण्यातून घेतात. तांदळाच्या दाण्याएवढा कॅलॅनस हा प्राणी त्या खातो, त्याला ध्रुवीय कॉड मासा खातो, त्याला सील, सीलला अस्वल. मिथिल पारा प्रथिनांतील गंधकाला घट्ट धरून बसतो. तो आत येतो लवकर आणि बाहेर जातो फार सावकाश. माणसाच्या शरीरातून निम्मा बाहेर पडायलाही सुमारे दोन महिने लागतात. म्हणून प्रत्येक पायरीवर तो काही पटींनी वाढतो आणि पाण्याच्या मानाने मोठ्या शिकारी माशांत दहा लाखपट किंवा त्याहूनही अधिक होतो. एक गैरसमज दूर करतो : तो चरबीत नसतो, स्नायूंत असतो. त्यामुळे चरबी काढून किंवा उकळून तो जात नाही. इन्युइट लोकांनी सीलचे मांस खाऊ नये म्हणणे सोपे आहे, पण तिथे गहू-ज्वारी पिकत नाही आणि विमानाने आलेले अन्न महाग व बरेचदा निकस असते. ज्यांनी धुरांडी उभारली नाहीत त्यांच्या गरोदर बायकांना काय खावे याची काळजी करावी लागते. हा न्याय मला तरी कळत नाही.

गाळाची दिनदर्शिका

जो पारा खात्यापित्यांच्या तावडीतून सुटतो तो शेवटी तळाशी जातो. तळाच्या गाळात नळी खुपसून उभा नमुना काढला, तर वरचा थर आजचा, खालचा जुना. पण कोणता थर कोणत्या साली बसला हे कसे ओळखायचे? इथे आमचे भौतिकशास्त्र कामी येते. जमिनीतून रेडॉन वायू निसटतो. हवेत त्याचा ऱ्हास होत होत शिसे-२१० तयार होते आणि ते पावसाधुळीबरोबर खाली पडते. त्याचा अर्धायुःकाल सुमारे २२ वर्षे. समजा, नमुन्याच्या वरच्या थरात त्याची क्रियाशीलता ८० एकके आहे आणि १२ सेंटीमीटर खाली २० एकके. म्हणजे दोनदा निम्मी झाली, ४४ वर्षे गेली. गाळ बसण्याचा वेग १२० ÷ ४४, वर्षाला सुमारे पावणेतीन मिलिमीटर. (गाळात मुळातच असलेले शिसे-२१० आधी वजा करावे लागते. शिवाय तळातले किडे थर उकरून ढवळतात. म्हणून प्रत्यक्ष काम इतके गोंडस नसते.) आता त्याच थरांत पारा मोजला की कोणत्या दशकात तो किती आला हे वाचता येते. सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंत ही दिनदर्शिका चालते.

आर्क्टिकच्या किनाऱ्यालगतच्या उथळ भागात नद्यांच्या कृपेने गाळ भरभर बसतो, म्हणून पाराही बहुतांशी तिथेच पुरला जातो. मध्यभागी खोल समुद्रात हजार वर्षांत काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटीमीटर गाळ बसतो. आणि पुरला जाईपर्यंत तो अणू मोकळाच असतो : हवेत वर्षभर, समुद्राच्या वरच्या पाण्यात दशके, खोल पाण्यात शतके. आज दरवर्षी हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ६० टक्के पारा जमीन आणि समुद्र यांतून पुन्हा वर आलेला, बहुतांशी पूर्वी माणसानेच सोडलेला असतो. पाऱ्यावरचा मिनामाता करार ऑगस्ट २०१७ मध्ये अमलात आला व भारताने तो २०१८ साली मान्य केला. त्यामुळे नवी भर कमी होईल. जुनी शिल्लक मात्र आपल्या वेगानेच तळाशी जाणार आहे. टुंड्रातील गोठलेली जमीन वितळू लागली तर तिथे साठलेल्या पाऱ्याची भरही नद्यांत पडेल.

जाता जाता एक गणित तुमच्यासाठी. ताप मोजण्याच्या जुन्या काचेच्या तापमापकात साधारण ०.६ ग्रॅम पारा धरा. तो फुटला आणि सगळा पारा वाफ होऊन हवेत गेला. आपल्या गोलार्धाच्या हवेत घनमीटरला १.५ नॅनोग्रॅम पारा असतो. तर या एका तापमापकातील पारा किती घनमीटर हवेतील पाऱ्याइतका होईल? उत्तर ४० कोटी घनमीटर यायला हवे. नरडाण्याभोवती एक किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद जागा आखली, तर त्या हवेची उंची किती होईल ते वहीत काढून पाहा.